मिळवलेला तास

पाठपिशवी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पालथी करून एलुनेडने सगळं पुन्हा पहिल्यापासून भरायला घेतलं. लोकरी मोजे तळाशी, त्यावर कोरडे कपडे, मग पावसाळी विजार, पायाला फोड आले तर लावायच्या पट्ट्या, शिट्टी, आणि सगळ्यात वर मेणकागदात बांधलेला मनुकांचा ब्रेड. सकाळपासून तिचा हाच उद्योग चालला होता. एकदा ब्रेड खाली जाई नि मोजे वर येत, एकदा मोजे खाली नि ब्रेड वर. पिशवीत कमी काहीच नव्हतं, जिवाला स्वस्थता मात्र नव्हती.

खरं सांगायचं तर ही पिशवी आता कुठे जाणारही नव्हती. एलुनेडने दुपारीच उद्याचं जाणं रद्द केलं होतं. पण ते नवऱ्याला सांगायचं धाडस अजून झालं नव्हतं, आणि नवरा तर दर पाच मिनिटांनी दारात येऊन उभा राहत होता, म्हणून ती भरत बसली होती.

इदवाल दारात आला, काठी चौकटीला टेकवली आणि पिशवीकडे बघत म्हणाला, "ब्रेड तळाशी घातलास की चुरा होतो."

"वरच घातलाय."

"मघाशी खाली होता."

"मघाशी होता," ती म्हणाली. तो मान हलवून परत बाहेरच्या खोलीत गेला. उजवा पाय जमिनीवर घासल्याचा आवाज खुर्चीपर्यंत गेला आणि थांबला. सहा महिन्यांत एलुनेडचे कान त्या आवाजाला इतके सरावले होते की झोपेतसुद्धा तो कुठवर गेला ते तिला सांगता आलं असतं.

दर जूनमध्ये कड्यांवरच्या पायवाटेने पाच दिवस चालायला जायचं, हा या नवराबायकोचा लग्नापासूनचा नेम. सगळा पेम्ब्रोकशर किनारा त्यांनी तुकड्यातुकड्याने कितीदा पालथा घातला असेल, देव जाणे. यंदा जानेवारीत इदवालला अर्धांगाचा झटका आला. सौम्य होता, वाचा परत आली, हातही परत आला, पण पाय काही पूर्ण आला नाही. कडे संपले हे त्याने स्वतःच जाहीर केलं, आणि एलुनेडने नेस्टाबरोबर जावं हेही त्यानेच ठरवून टाकलं. नेस्टा म्हणजे शाळेच्या स्वयंपाकघरात एलुनेडच्या शेजारी उभी राहून अख्खी हयात बटाटे सोललेली मैत्रीण. तोंडाने फटकळ, पायाने घोडी.

एलुनेड महिनाभर नाही नाही म्हणत राहिली. मग एकदा हो म्हणाली, आणि हो म्हटल्यावर तिला कळलं की आपल्याला नुसतं जायचं नाही, जीव टाकून जायचंय. सहा महिने गोळ्यांच्या डबीवर डोळा, न्हाणीघराच्या दाराशी कान. पाच दिवस वाऱ्यात चालावं, कुणाच्याही पावलाचा आवाज ऐकू नये, आणि संध्याकाळी दुसऱ्या कुणीतरी रांधलेलं गरम सूप प्यावं, एवढंच तिला हवं होतं. ते इतकं हवं होतं की तिची तिलाच लाज वाटायची.

प्रश्न एकच होता. इदवालला पाच दिवस एकटं ठेवता येईल का? डॉक्टर म्हणाले, खुशाल ठेवा. कार्डिफमधली लेक सिअन फोनवर म्हणाली, मुळीच नको. आणि एलुनेडचं मन सकाळी डॉक्टरांच्या बाजूने असे, रात्री लेकीच्या. शंकेला खायला काहीही चालतं. इदवालने मिठाची बरणी फ्रिजमध्ये ठेवली, शंकेला एक घास. शेजाऱ्याला त्याच्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारली, आणखी एक घास. आता मिठाची बरणी फ्रिजमध्ये तिनेही ठेवली होती, एकदा नव्हे दोनदा. पण तिला झटका आला नव्हता, त्यामुळे ते कुणी मोजलं नाही.

तरी इथवर सगळं निभावलं होतं. घात केला तो भरती-ओहोटीने.

त्यांच्या अबेरवेन गावाच्या कडेला समुद्राची एक चिंचोळी खाडी आत शिरते, आणि किनाऱ्याची पायवाट ती खाडी दगडांवरून ओलांडते. ओहोटीला दगड उघडे पडतात. त्या वेळात पोचलात तर चार उड्यांत पलीकडे, नाहीतर डांबरी रस्त्याने अर्धी सकाळ वळसा. उधाणाच्या ओहोटीला दगड बराच वेळ मोकळे असतात, पण भांगाच्या दिवसांत पाणी फारसं उतरतच नाही. दगड जरा डोकं वर काढतात आणि पुन्हा बुडी मारतात. उद्या नेमका भांग होता.

पाण्याची वेळ काढणं हे घरात इदवालचं खातं. तो गावोगावची बस चालवून निवृत्त झालेला, घड्याळ त्याच्या रक्तातच होतं. बंदरावरच्या दुकानात भरतीच्या वेळांचं छोटं पुस्तक मिळायचं. त्यातल्या वेळा हिवाळी घड्याळाच्या. उन्हाळ्यात सगळा देश आपली घड्याळं तासभर पुढे ढकलतो, चंद्राला त्याचं सोयरसुतक नाही, म्हणून पुस्तकातल्या वेळेत एक तास मिळवायचा. पाहुणे लोक हा तास हमखास विसरतात आणि भलत्याच वेळी पाण्याकडे बघत उभे राहतात. त्यांची नक्कल करून इदवालने गावच्या पबमध्ये कितीतरी ग्लास फुकट प्याले होते. लग्नानंतर एलुनेडला या घरात पहिली गोष्ट शिकवली गेली ती हीच, तास मिळवायचा.

आज सकाळी तिची नजर फ्रिजवर लावलेल्या चिठ्ठीवर गेली. इदवालच्या ठळक अक्षरात लिहिलं होतं, आज संध्याकाळी दगड बघायला सात, उद्या निघायला साडेसात. निघायच्या आदल्या दिवशी जाऊन दगड बघून यायचे, हा त्यांचा जुना रिवाज. तिने सहज चाळा म्हणून भरतीचं पुस्तक उघडलं. बंदरावरचं दुकान हिवाळ्यात बंद पडलं होतं, म्हणून हे नवं पुस्तक इदवालने पेट्रोल पंपावरून आणलं होतं, वर पफिन पक्ष्याचं रंगीत चित्र असलेलं. तिने तारखेवर बोट ठेवलं. सात. उद्याच्या तारखेवर ठेवलं. साडेसात.

त्याने तास मिळवलाच नव्हता.

मीठ विसरणं वेगळं, नावं विसरणं वेगळं. हा तास विसरणं म्हणजे इदवालने इदवाल असणं विसरण्यासारखं होतं. तरी तिने आवाज जमेल तितका मऊ केला, आजारी माणसाशी करतात तसा. न्याहारीच्या वेळी त्याच्यासमोर पुस्तक ठेवून ती म्हणाली, "इदवाल, तास राहिला वाटतं मिळवायचा. होतं असं कधीकधी. काही बिघडलं नाही."

इदवालने चिठ्ठीकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं, मग बराच वेळ आपल्या हाताकडे बघत राहिला. "हो का," तो म्हणाला. "राहिला असेल." त्याने पेन्सिल मागितली, सात खोडून आठ केले, साडेसात खोडून साडेआठ केले, आणि पुस्तक कोटाच्या खिशात घालून टाकलं.

भांडला नाही. चहात दूध आधी की नंतर यावर दोन दिवस अबोला धरणारा हा माणूस, आपली बस कधी उशिरा सुटली असं कुणी म्हटलं तर आजही अंगावर धावून जाणारा, आणि तासाच्या बाबतीत मुकाट मान खाली घालून बसला. त्याच्या चुकीने एलुनेड जितकी घाबरली नव्हती तितकी त्या मुकाटपणाने घाबरली.

दुपारी इदवाल डुलकी घेत असताना तिने दबक्या आवाजात फोन केले. सिअन म्हणाली, मी सांगतच होते, आणि त्यानंतर बरंच काही म्हणाली, त्यात डॉक्टर होते, तपासण्या होत्या, तळमजल्यावर झोपायची खोली करण्याचा विषय होता. नेस्टाने मात्र सगळं ऐकून घेतलं आणि मग तोंड सोडलं.

"तास विसरला म्हणून? अगं, माझा नवरा लग्नाचा वाढदिवस विसरतो, त्याला काय वृद्धाश्रमात टाकू?"

"ते वेगळं, नेस्टा."

"वेगळं कसलं. तुला जायची भीती वाटतेय. बरं, नको येऊस. मी एकटी जाते, आणि एखाद्या मेंढ्याने मला कड्यावरून ढकललं तर माझ्या प्रेताला गाणी तू म्हण, तुझा आवाज बरा आहे."

एलुनेडने फोन ठेवला आणि परत येऊन पिशवी पालथी केली. मग भरली. मग पुन्हा पालथी केली. रद्द झालेल्या प्रवासाची इतकी तयारी आजवर कुणी केली नसेल.

संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला दोघं दगड बघायला निघाली. ऊन अजून कुंपणाच्या वर होतं, वारा मात्र सारखा दिशा बदलत होता आणि एलुनेडचा रुमाल डोक्यावर ठरेना. इदवाल काठी टेकत हळूहळू चालत होता आणि एक अक्षर बोलत नव्हता. एरवी या गल्लीतून जाताना त्याची टकळी चालू असायची. अमक्याचं फाटक मोडलंय, तमक्याने गाडी वळणावर लावलीये, याला परवाना दिला कुणी. आज त्याच वळणावर एक गाडी अर्धी रस्त्यात उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि बाजूने निघून गेला. एलुनेडला रडू आवरेना, तिने वाऱ्याचं निमित्त करून डोळे पुसले. आज रात्री सांगून टाकायचं, तिने ठरवलं. कसं सांगायचं तेही जुळवायला घेतलं. नेस्टाचा गुडघा दुखतोय म्हणावं का? नेस्टाचा गुडघा कसला दुखतोय, सगळ्या गावाला माहीत होतं की तो लोखंडी आहे.

खाडीवर पोचल्या पोचल्या तिचे पाय थांबले. दगड नव्हते.

पाणी काठोकाठ नव्हतं, पण दगडांच्या जागी नुसती एक सुरकुतलेली रेघ दिसत होती, आणि प्रवाह समुद्राकडून आत येत होता. आत. म्हणजे ओहोटी संपून भरती लागलेली. इदवाल काठीवर दोन्ही हात ठेवून पाण्याकडे बघत उभा राहिला. पबमध्ये तो ज्यांची नक्कल करायचा, ती माणसं अशीच उभी राहत.

काठावरच्या बाकाशी बेरिल बुटांतला चिखल खरवडत होती. गावात शिंपले वेचून विकणारी ही बाई, तिच्या बादलीत तळाशी थोडे शिंपले होते. तिने मान वर केली.

"काय हो, दगड बघायला? तास उशीर केलात. सातला खडखडीत कोरडे होते, मी त्यांच्यावरूनच आले की." मग तिला हसू फुटलं. "इदवाल, तुम्हीसुद्धा? आता पबमध्ये मी तुमची नक्कल करू का?"

इदवाल हसला नाही. त्याने काठी एलुनेडच्या हातात दिली, खिशातून पफिनचं पुस्तक काढलं, चष्मा लावला आणि पुस्तक थेट शेवटच्या पानावर उघडलं. कुठे बघायचं ते त्याला ठाऊक होतं. खालच्या बारीक ओळीवर अंगठा ठेवून त्याने ते तिच्यापुढे धरलं. लिहिलं होतं की सर्व वेळा उन्हाळी घड्याळाप्रमाणे आहेत, तास आधीच मिळवलेला आहे.

एलुनेडने ओळ वाचली, पुन्हा वाचली. तास पुस्तकातच होता. इदवालने बरोबर लिहिलं होतं आणि वरून तिने आणखी एक तास चढवला होता. इतक्या वर्षांत पुस्तकाचं शेवटचं पान तिने कधी उघडलंच नव्हतं, कारण ते उघडायला तो होता.

"तू हे वाचलं होतंस?" तिने विचारलं.

"पंपावरच. पैसे द्यायच्या आधी."

"मग सकाळी बोलला का नाहीस?"

इदवालने चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसत बसला. बेरिल शहाणी, ती बादली उचलून चालती झाली होती.

"तू म्हणालीस ना," तो म्हणाला. "मला वाटलं, वाचलंय असं मला नुसतं वाटतंय."

एलुनेड बाकावर बसली आणि मोठ्याने रडली. वाऱ्याचं निमित्त आता पुरणार नव्हतं. या माणसाचा पाय दुखण्याने नेला होता, आणि उरलेला भरवसा तिने न्याहारीच्या टेबलावर, लोणी लावता लावता, मऊ आवाजात काढून घेतला होता. आणि त्याने तो काढून घेऊ दिला होता. माझं चुकलं, ती म्हणाली. आणखी काय काय म्हणाली ते तिलाही नीट आठवत नाही, पण बोलता बोलता हेही निघून गेलं की तिने उद्याचं जाणं रद्द केलंय, आणि सिअन खालची खोली रिकामी करायला रविवारी येणार आहे.

इदवाल चष्मा पुसायचा थांबला.

"काय केलंयस?"

तिने पुन्हा सांगितलं.

मग जे सुरू झालं ते खाडीपासून घरापर्यंत संपलं नाही. एका बारीक ओळीसाठी? सहा महिने मी जिना चढायला शिकतोय ते काय खालच्या खोलीत झोपण्यासाठी? आयुष्यभर प्रवाशांना ओरडून सांगत आलो, पाटी वाचून बसमध्ये चढा, आणि बायको घरची, तीच न वाचता चढते! अर्ध्या शाळेला मोजूनमापून खीर वाढलीस आणि तुला एक तास मोजता येत नाही? वळणावरची ती गाडी अजून तिथेच होती. त्याने काठीने तिच्या चाकावर टोला हाणला आणि याला परवाना दिला कुणी असं विचारलं. त्याचा चेहरा लाल झाला होता, पाय घासत होता, आणि एलुनेड त्याच्या शेजारून मान खाली घालून चालत होती. इतकं गोड तिने कित्येक महिन्यांत काही ऐकलं नव्हतं.

घराच्या फाटकाशी तो दमून थांबला. खांबाला धरून त्याने श्वास घेतला, आणि आता त्याचा आवाज खाली आला.

"लुन, एक ऐक. मी चुकलो असं वाटलं तर भांड माझ्याशी. आधी भांडायचीस तशी. मऊ बोलू नकोस. तू मऊ बोललीस की मला माझीच भीती वाटते."

"आणि खरंच चुकलास तर?"

"खरंच चुकेन तेव्हा चुकेन. ते माझं मला कळू दे. तू उगाच आधीपासून मिळवत बसू नकोस."

तिने त्याचा हात धरला. मग आत जाऊन आधी सिअनला फोन केला, तो लवकर आटोपला कारण मध्येच इदवालने तो हिसकावून घेतला. मग नेस्टाला. नेस्टाने पलीकडून जांभई दिल्याचं ऐकू आलं. मुक्कामाची तुझी खाट मी रद्द केलीच नव्हती, ती म्हणाली, मला ठाऊक होतं की तुम्हा दोघांपैकी एक जण वेडा आहे, फक्त कोण ते बघत होते.

सकाळी पिशवी न उघडता पाठीवर चढली. खाडीवर दगड उघडे होते, शेवाळाने हिरवे, पाण्याच्या वर जेमतेम वीतभर. नेस्टा मागे न बघता लोखंडी गुडघ्यानिशी टाणटाण पलीकडे गेलीसुद्धा. इदवालने पफिनचं पुस्तक एलुनेडच्या पिशवीच्या वरच्या कप्प्यात घातलं आणि चेन ओढली.

"पुढच्या खाडीवर ओहोटी कधी?"

"परवा, नऊनंतर."

"तास मिळवलास?"

"मिळवायचा नसतो."

"कशावरून?"

"शेवटचं पान वाचलं."

"कधी?"

"काल रात्री. आज सकाळीही." ती जरा घुटमळली. "गोळ्या दुपारच्या डब्यातल्या—"

"लुन," तो म्हणाला, "पाणी थांबत नाही."

ती निघाली. पहिला दगड, दुसरा, तिसरा. मधल्या दगडावर पाय घट्ट रोवून तिने एकदा वळून पाहिलं. त्याचं तोंड पडलेलं असेल, तो हात हलवत असेल, असं तिला वाटलं होतं. इदवाल काठी बगलेत मारून उभा होता आणि मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटत होता. बस सुटायच्या वेळी दारात गप्पा मारणाऱ्या प्रवाशांना तो असंच करायचा. एलुनेडने मुकाट तोंड फिरवलं आणि पुढच्या दगडावर पाऊल टाकलं.